बाईचा सांधा दुखला की लगेच 'वय झालं'?

भाईंदर लोकलच्या लेडीज डब्यात रोज कुणीतरी म्हणतंच, "बोटं आखडतात गं, डॉक्टर म्हणाले कॅल्शियम कमी." तिच्या कोपरावरचे सोरायसिसचे चट्टे मात्र कुणी बघत नाही.

मित्रांनो, सोरायसिस हा नुसता कातडीचा आजार नाही. दर पाचांतल्या साधारण एकाला त्यातून सांधेवात होतो. बाई-पुरुष, दोघांनाही जवळपास सारखाच. फरक पुढे पडतो. पुरुषांचा मणका जास्त धरतो, एक्स-रेत हाडाची खराबी जास्त दिसते. बायकांना दुखणं आणि थकवा जास्त, पण एक्स-रेत कमी दिसतं. मग ऐकवतात, "पाळी जायचं वय आहे, मनावर घेऊ नका." आरए फॅक्टर निगेटिव्ह आला की फाइल बंद! अहो, या आजारात तो बहुतेक वेळा निगेटिव्हच येतो. आणि सहा महिन्यांचा उशीरही सांध्याला कायमचा नडू शकतो.

मीरा-भाईंदर महापालिकेकडे मागणी साधी आहे. आरोग्य केंद्रात सोरायसिसचा रुग्ण आला की चार प्रश्न विचारा. सकाळी अर्धा तास सांधे आखडतात का? अख्खं बोट सुजतं का? टाच दुखते का? नखांवर बारीक खड्डे आहेत का? 'हो' आलं की सांधेवाताच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्या. याला टेंडर लागत नाही!

आणि आपणही आज घरातल्या बाईला हेच चार प्रश्न विचारूया.