पेला वेगळा ठेवण्याआधी

परवा आमच्या घरात एक गोष्ट घडली. चूक माझीच होती, म्हणून सांगायलाच हवी.

आमचं कुटुंब एकत्र. धाकट्या भाऊजींना फुप्फुसाचा क्षय झाला. औषधं सुरू झाली, खोकला थांबला. मग डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांनाच तपासणीला बोलावलं. एकोणीस वर्षांच्या पुतणीचा रक्ताचा रिपोर्ट आला, ‘इग्रा पॉझिटिव्ह’. "काकू, म्हणजे मलाही टीबी झाला का हो?" तिनं विचारलं. मी "काही नाही गं" म्हटलं आणि संध्याकाळी तिचा चहाचा पेला गुपचूप वेगळ्या फळीवर ठेवला. एम. ए. झालेली, वर्गात शहाणपण शिकवणारी मी!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी समजावलं. आपल्या रक्तातल्या टी-पेशींना एकदा भेटलेला जंतू आठवतो. या तपासणीत रक्तात क्षयजंतूची ठरावीक प्रथिनं मिसळून ते रात्रभर उबेत ठेवतात. ओळख असलेल्या पेशी ‘इंटरफेरॉन-गॅमा’ नावाचं द्रव्य सोडतात, ते मोजायचं. ही प्रथिनं बीसीजीच्या लशीत नसतात, त्यामुळे लहानपणीच्या लशीनं निकाल फसत नाही.

पण या तपासणीतून कळतं ते एवढंच, की जंतूशी भेट झाली आहे. तो निजलेला आहे की जागा, हे तिला सांगता येत नाही. जगातल्या सुमारे चौथाई माणसांना हा संसर्ग कधी ना कधी झालेला असतो. त्यांतल्या शंभरात पाच ते दहा जणांनाच आयुष्यात पुढे रोग होतो. निजलेल्या जंतूचा माणूस आजारी नसतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही.

मग फरक ओळखायचा कसा? आज तरी लक्षणं, छातीचा एक्स-रे आणि गरज पडल्यास थुंकीची तपासणी यांवरूनच. हा फरक महत्त्वाचा, कारण निजलेल्या जंतूला एकदोन औषधं पुरतात. जागा जंतू चुकून तेवढ्यावरच ठेवला, तर तो औषधाला दाद देईनासा होतो. संशोधक आता टी-पेशींच्याच अंगावरच्या खुणा वाचू पाहत आहेत. जंतू वाढत असला, की त्याला ओळखणाऱ्या पेशी खवळलेल्या असतात आणि सीडी-३८, एचएलए-डीआर अशा खुणा त्यांच्यावर जास्त दिसतात. उपचारानंतर त्या ओसरतात. ही पद्धत गावोगावच्या लॅबपर्यंत अजून पोचलेली नाही, पण दिशा आशेची आहे.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू 1882 साली जगाला दाखवला. त्यानंतर पाचच वर्षांनी, 1887 मध्ये, आपल्या आनंदीबाई जोशी ऐन एकविशीत क्षयानं गेल्या. तेव्हा जंतू माहीत होता, औषध नव्हतं. आज औषध आहे. भीती मात्र तेव्हाचीच आहे.

पुतणीचा एक्स-रे स्वच्छ निघाला. रोग होऊ नये म्हणून तिला प्रतिबंधक गोळ्या सुरू झाल्या. क्षय हवेतून पसरतो, पेल्यातून नव्हे, हेही मला त्याच दिवशी कळलं. घरी येऊन पेला जागेवर ठेवत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "काकू, मी पाहिलं होतं हं."

वाचकहो, त्या वाक्यापुढे माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तिच्याच पेल्यात मी माझा चहा ओतून घेतला.