ओसरीवरच्या फायली

"तू नेमकं करतोस काय?" कळंबची मंडळी दरवेळी विचारतात. आज इथेच सांगून टाकतो.

आपल्याकडच्या जुन्या घरांत ओसरी वेगळी, माजघर वेगळं. आल्यागेल्याने ओसरीवर टेकावं, आत काय चाललंय ते त्याला दिसायचं कारण नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये एवढी साधी सोय यायला 2012 साल उजाडलं!

कर्नल म्हणजे यंत्र प्रत्यक्ष चालवणारा गाभा. आपले प्रोग्राम त्याला कामं सांगतात: फाइल उघड, वेळ सांग. कुठल्या कामाचा क्रमांक कोणता, माहिती किती बाइटची, हे दोघांकडे तंतोतंत एकच हवं. ते लिहिलेलं असतं हेडर फायलींत. पूर्वी त्या सामाईक होत्या. खास कर्नलच्या ओळींभोवती नुसती एक खूण असे, आणि ती घालायची राहिली की आतलं सगळं बाहेर. मग मारिउश माझुरसारखा एखादा माणूस त्या फायली निवडून-पाखडून बाकीच्यांसाठी प्रती काढायचा. 2006 मध्ये, 2.6.18 पासून, कर्नल स्वतःच तशा प्रती काढून देऊ लागला. डिसेंबर 2012 च्या 3.7 मध्ये मात्र डेव्हिड हॉवेल्सने बाहेरच्यांच्या फायलींना वेगळी डिरेक्टरीच दिली, यूएपीआय.

दिसायला ही फायलींची हलवाहलव. मला विचाराल तर फार मोठं काम. खूण नजरेतून सुटते, जागा सुटत नाही. त्या डिरेक्टरीत कुणी हात घातला की तपासणारा सावरून बसतो.

का बसावं? 32 बिटी यंत्रांवर जुन्या पद्धतीचा वेळेचा आकडा 19 जानेवारी 2038 ला संपतो. मग करा की 64 बिटी! पण आधीच कंपाइल झालेल्या प्रोग्रामने चार बाइटची जागा धरलीय. कर्नल तिथे आठ लिहिणार, म्हणजे शेजारची माहिती गेली. म्हणून 2019 मध्ये 5.1 आवृत्तीत नवे सिस्टिम कॉल जोडले आणि जुने तसेच ठेवले.

नवे ड्रायव्हर लिहिणारे "लागेल कुणाला तरी" म्हणून आपली स्ट्रक्चर सरळ यूएपीआयमध्ये टाकतात, ते मला पटत नाही. अहो, तिथून परत आत नेता येत नाही! आधी आतच ठेवा, कुणी मागितलं तर बघू. आणि बाहेर काढलंच, तर निदान 'लाँग' लिहू नका, 32 आणि 64 बिटीवर त्याची रुंदी वेगळी असते.