ध्वजवंदनाआधी न्याहारी

१५ ऑगस्टच्या सकाळी घरोघरी एकच धांदल असते. गणवेशाला इस्त्री, बुटांना पॉलिश, आणि छातीवर लावायचा तिरंगी बिल्ला नेमका सापडत नाही. प्रभातफेरी लवकर निघते म्हणून मूल अर्धा कप दूध पिऊन, कधी तेही न पिता, घराबाहेर पडते. खाणे परत आल्यावर; जिलेबी तर आणायचीच असते. आणि दोनएक तासांनी, प्रमुख पाहुण्यांचे भाषण रंगात आलेले असताना, मैदानावरच्या रांगेतले एखादे मूल धप्पकन खाली कोसळते.

याचे खापर मुलांच्या नाजूकपणावर फोडले जाते. आजकालच्या मुलांना जरा उभे राहवत नाही, असे मंचावरून ऐकवलेही जाते. खरे कारण शरीराच्या रचनेत आहे.

माणूस उभा राहिला की सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोट आणि पायांकडे उतरते. ते पुन्हा वर ढकलण्यात पोटऱ्यांच्या स्नायूंचा मोठा वाटा असतो. पण ते हलले तरच. सावधान स्थितीत ते स्तब्ध राहतात आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. त्यात पोट रिकामे, रात्रीपासून पुरेसे पाणी नाही आणि पावसाने उघडीप दिल्यावरचे दमट ऊन. अशा वेळी काहींची मज्जासंस्था उलटाच आदेश देते. हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, मेंदूला काही सेकंद रक्त कमी पडते आणि शुद्ध हरपते. जून २०२३ मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाच्या सरावात भर उन्हात कडक शिस्तीचे सैनिकही असेच कोसळले होते.

कोसळणे हा खरे तर शरीराने स्वतःच केलेला उपचार आहे. आडवे झाले की मेंदूला रक्त मिळते आणि बहुधा मिनिटभरात मूल डोळे उघडते. आपल्याकडे मात्र चौघे धावतात, त्याला बखोटीला धरून उभे करतात किंवा खुर्चीत बसवतात. त्यामुळे बेशुद्धी लांबते, क्वचित हातपाय झटकले जातात. मग ‘फिट आली’ म्हणत चप्पल नाहीतर कांदा हुंगवला जातो. कुणी तोंडात पाणी ओततो, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मुलाला सावलीत आडवे निजवावे, पाय थोडे उंच ठेवावेत, कपडे सैल करावेत. पूर्ण शुद्धीवर आल्याशिवाय तोंडात काही घालू नये.

राष्ट्रगीताला लागतात ५२ सेकंद. तेवढा वेळ निश्चल उभे राहण्यात कुणाची तक्रार नसते. उरलेला पाऊण तास भाषणे खातात, आणि पाहुणे उशिरा आले तर त्यांची वाट पाहणे. त्या वेळात मुलांना खाली बसवले तर तिरंग्याचा अवमान होत नाही. खाऊ कार्यक्रमानंतरच वाटण्याची प्रथाही उलटी करायला हरकत नाही. देशात १५ ते १९ वयोगटातील निम्म्याहून अधिक मुलींना रक्तक्षय असताना त्यांना उपाशी पोटी उन्हात ताटकळत ठेवणे याला शिस्त म्हणता येत नाही. उभे राहावेच लागले, तर बुटातल्या बुटात बोटे हलवणे आणि पोटऱ्या आवळणे एवढे तरी मुलांना शिकवावे.

सोसायटीच्या ध्वजवंदनाला जाणाऱ्या आजोबांचे प्रकरण वेगळे. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेतल्यानंतर न्याहारी लांबली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उभे राहताना चक्कर येऊ शकते, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याच्या हाडाशी गाठ. त्यांच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची हवी, आणि घरातून निघण्याआधी पोटात पोहे हवेत. जिलेबी किती, यावरचा वाद नंतर घरी होतोच.

सगळ्याच भोवळी मात्र निरुपद्रवी नसतात. धावताना किंवा कवायत करताना आलेली, डोळ्यांपुढे अंधारी वगैरे कोणतीही पूर्वसूचना न देता आलेली, छातीत दुखून किंवा धडधडून आलेली भोवळ हृदयाच्या दोषाची असू शकते. घरात कुणी तरुण वयात अचानक दगावले असेल तर अधिकच. अशा मुलाला लगेच बरे वाटू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे नेऊन ईसीजी काढावा, सुट्टी असली तरी.