पेटीवर ३८४, कानात किती?

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

तपकीर गल्लीत जा, नाहीतर मोबाईलवरच शोधा. एका टोकाला सी-टाईप आणि दुसऱ्या टोकाला हेडफोनची गोल पिन खोचायचं भोक असलेला डोंगल शे-दोनशे रुपयांपासून मिळतो. पेटीवर ठळक छापलेलं असतं, '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, स्टुडिओ क्वालिटी'. माझं म्हणणं एवढंच आहे की हा आकडा बहुतेकदा खोटा नसतो, पण आपल्या काहीच कामाचा नसतो. जो आकडा कामाचा आहे तो पेटीवर छापायची सक्ती आपल्याकडे कुणावरही नाही. ती व्हायला हवी.

'हेडफोनच्या वायरीसाठी कायदा कशाला?' असं म्हणणारे भेटतील. २०१६ मध्ये ॲपलने आयफोन ७ मधून हेडफोनचा जॅक काढला आणि मग बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनीही तेच केलं. आधी जी वस्तू फोनच्या आत फुकट मिळायची ती आता आपण बाहेरून विकत घेतो. आपल्या महाळुंग्यात घरोघरी हिंजवडीच्या कंपन्यांच्या मीटिंगा चालतात, पोरांचे ऑनलाईन क्लास असतात, कुणाची गाण्याची शिकवणी असते. घरटी एखादा डोंगल सापडतोच. आणि यातली बहुतेक खरेदी पेटीवरचा आकडा वाचून होते.

आता तो आकडा म्हणजे काय ते सांगतो. गाणं फोनमध्ये आकड्यांच्या रूपात असतं. सीडीच्या दर्जाचं असेल तर सेकंदाला ४४,१०० आकडे. त्या आकड्यांचं विजेच्या लहरीत रूपांतर करणारी चिप म्हणजे डॅक, डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर. '३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ' याचा अर्थ ही चिप एवढ्या मोठ्या पोत्यातून माल उतरवून घेऊ शकते. त्यात धान्य किती आणि खडे किती, ते पोत्याचं माप सांगत नाही.

खडे मोजायची पद्धत मात्र आहे, आणि ती फार अवघडही नाही. डॅकला एक शुद्ध सूर द्यायचा, साधारण १,००० हर्ट्झचा, पूर्ण आवाजात. बाहेर फक्त तोच सूर यायला हवा. त्याच्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेवर जे भलतंच उगवतं ती विकृती, आणि खाली जी सततची सरसर असते तो गोंगाट. मूळ सूर या सगळ्या कचऱ्यापेक्षा किती डेसिबल वर आहे, तो आकडा म्हणजे सिनॅड. दर ६ डेसिबलला साधारण एक बिट पडतो, म्हणून १६ बिटांच्या सीडीचं गणित ९८ डेसिबलच्या आसपास येतं. ३२ बिट खरोखर मिळवायचे तर १९० च्याही पुढे जावं लागेल. जगातला कुठलाही डॅक तिथे पोचत नाही, कारण सर्किटमधल्या रेझिस्टरचा स्वतःचा गोंगाटच त्याच्या कितीतरी वर असतो. उत्तमातले उत्तम डॅक १२० च्या थोडे पुढे, म्हणजे २० बिटांच्या आसपास थांबतात. उरलेले बारा बिट फक्त पेटीवर.

ऑडिओ प्रिसिजनसारखी मोजणीची यंत्रं लाखांच्या घरात जातात. ती माझ्याकडे नाहीत. रेकॉर्डिंगसाठी घेतलेला एक साधा ऑडिओ इंटरफेस आहे, 'रूम ईक्यू विझार्ड' हे फुकटचं सॉफ्टवेअर आहे, आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवायची शिस्त आहे (चार्जर लावला की ५० हर्ट्झची घरघर मोजणीत घुसू शकते, मग डोंगलला उगाच दोष जातो). एवढ्या सामानावर चांगल्या डॅकमधला अधिक चांगला कोणता ते सांगता येत नाही, कारण इंटरफेसचीच मर्यादा आड येते. पण टाकाऊ डोंगल लगेच उघडा पडतो.

सोसायटीतल्या शेजाऱ्यांचे चार डोंगल मोजले. दोन ठीकठाक निघाले. '३८४' लिहिलेला एक होता, तो साधारण १२ बिटांच्या मापाचा निघाला, आणि ३२ ओहमचा हेडफोन जोडल्यावर आणखी घसरला. नाव लिहीत नाही, एका नगावरून कंपनीला फाशी द्यायची नसते. चौथ्याच्या आत डॅकच नव्हता, नुसत्या वायरी. असे डोंगल स्वतः ॲनालॉग आवाज बाहेर देणाऱ्या फोनवरच चालतात, बऱ्याच फोनवर मुके राहतात. पेटीवर याबद्दल अवाक्षर नव्हतं.

आता दुसरी बाजू. ॲपलचा सी-टाईप डोंगल हजाराच्या आसपास येतो. परदेशात महागड्या यंत्रांवर झालेल्या मोजणीत तो ९९ डेसिबलच्या आसपास आला आहे, म्हणजे सीडीला पुरून उरेल इतका. त्यात एक गोम आहे. अनेक अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज कमी येतो, कारण फोन त्याचा आतला व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाही. हेसुद्धा मोजल्यावरच कळतं. म्हणजे मोजणी गरिबाला भंगारापासून वाचवते, तशी हौशी माणसाला पन्नास हजारांच्या डॅकपासूनही वाचवते. आमच्या मूळा-काठावर रात्री उशिरापर्यंत हायवा आणि काँक्रीटचे मिक्सर धावतात. त्या घरात बसून ९९ आणि १२० मधला फरक ऐकायला येतो असं कुणी म्हटलं, तर मी हात जोडतो.

गाण्यातली जाणकार मंडळी म्हणतात, कान हेच खरं यंत्र. कानाचा मान मोठा आहे, पण कान फसतो. एक डोंगल दुसऱ्यापेक्षा एखादा डेसिबल जरी मोठा वाजला तरी तोच 'जास्त खुलून' येतो. आधी दोघांची पातळी मोजून सारखी करा, मग कोणता लावलाय ते न सांगता ऐकवा. त्यानंतर कान जे म्हणेल ते मला मान्य. आणि ज्यांना विलंबित आलापातला तानपुरा सरसरीविना ऐकायचाय, त्यांनाच खरं तर या आकड्याची सगळ्यांत जास्त गरज आहे.

आपण यातून आधी एकदा गेलोय. नव्वदच्या दशकातले टेपरेकॉर्डर आठवा, '१००० वॉट पीएमपीओ'. पीएमपीओची कुठलीही ठरलेली व्याख्या नव्हती, ज्याला जो वाटेल तो आकडा. मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की वीज खेचणार वीस-पंचवीस वॉट. वीसमधून हजार कसे निघाले हे कुणी विचारलं नाही.

मग यात सरकारचं काय काम? भाजीवाल्याच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. २०१० पासून खोलीच्या एसीला आणि फ्रॉस्ट-फ्री फ्रीजला स्टार लेबल सक्तीचं झालं. ते ठरलेल्या पद्धतीने झालेल्या चाचणीवर मिळतं, आणि आज आपण दुकानात आधी तारे बघतो. इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरचा बीआयएसचा नोंदणी शिक्का मात्र सुरक्षिततेचा असतो, शॉक बसू नये, आग लागू नये यासाठीचा. आवाज कसा येईल याच्याशी त्याचा संबंध नाही, आणि बरेच लोक तो दर्जाचा शिक्का समजतात. चाचणी करायला जागा नाही असंही नाही. मुंबईत अंधेरीला केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची प्रादेशिक चाचणी प्रयोगशाळा आहेच.

मागणी फार मोठी नाही. ज्याला पेटीवर बिट आणि किलोहर्ट्झ छापायचे आहेत त्याने शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात तीन गोष्टी छापाव्यात. ३२ ओहमच्या भारावर मोजलेला सिनॅड, जास्तीत जास्त किती व्होल्ट मिळतात, आणि आत डॅक आहे की नाही. छापलेलं आणि मोजलेलं जुळलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचं कलम आहे, पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. आज ते वापरणं अवघड जातं, कारण '३२ बिट' हे अक्षरशः खोटं नसतं.

आकडा समोर आला की काय होतं हे पुण्याला नव्याने सांगायला नको. सीओईपीचे विद्यार्थी वर्षानुवर्षं विसर्जनाला लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. एरवी शंभरीच्या आसपास जाणारा आकडा २०२० च्या कोविडात ६० च्या खाली आला होता. त्या मोजणीने डीजे बंद झाले नाहीत. पण 'आवाज फार नव्हताच हो' असं म्हणायची सोय उरली नाही.

जून २०२१ पासून आपण महापालिकेत आहोत. उद्या इथल्या शाळेसाठी, सभागृहासाठी स्पीकर, हेडफोन, डोंगल घेतले जातील तेव्हा निविदेत नुसते वॉट आणि बिट न लिहिता मोजलेले आकडे मागा, असा अर्ज मी लिहितोय. सही करायची असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा. फसवणूक झाल्याची खात्री असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा, बिल जपून ठेवा.

येत्या रविवारी सकाळी मी आणखी डोंगल मोजणार आहे. एकाला दहा मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. ज्यांना आणायचाय त्यांनी आपला फोनही आणा, कारण फोन बदलला की निकाल बदलू शकतो. आणि पेटी फेकली नसेल तर तीही आणा, तिचा फोटो निकालाशेजारी लावायचा आहे.