कलायखंज आणि स्मृतिभ्रंश : रोगनामांतील कारणविचार

रोगाला दिलेले नाव हे पुष्कळदा त्या रोगाच्या कारणाविषयीचे एक मतही असते. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे मला वाटते. डिमेन्शियाची चर्चा आपल्या भाषांतून वाढत आहे, आणि तिच्यासाठी मराठीने ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जवळजवळ कायम केला आहे. तो कोठून आला हे वाचकांस सांगावयास नको. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात विषयचिंतनापासून बुद्धिनाशापर्यंत जी उतरण दाखविली आहे, तिच्यातली ती एक पायरी होय. तेथे स्मृती ढळते ती मनुष्याच्या आसक्तीमुळे आणि क्रोधामुळे. हाच शब्द रोगनाम म्हणून योजिताना रुग्णाच्या शीलाविषयीची एक शंका आपण नकळत सोबत घेतो. लोकभाषेतील ‘म्हातारचळ’ तर उघडच हसतो.

याच्या उलट जातीचा शब्द सुश्रुताच्या निदानस्थानात आहे : कलायखंज. चालू लागताना थरथरणारा, लंगडत जाणारा रोगी असे त्याचे वर्णन आहे. सुश्रुताने त्याची गणना वातव्याधींत केली आणि कारण वेगळे सांगितले नाही. परंतु कलाय या कडधान्याचा निर्देश नावातच राहिला. ते धान्य नेमके कोणते यावर मतभेद आहेत. सोळाव्या शतकातील भावमिश्राने मात्र त्रिपुट नावाच्या धान्याने पंगुत्व येते असे स्पष्ट नोंदविले. त्रिपुट म्हणजे नागपूर-भंडाऱ्याकडची लाख अथवा लाखोळी, उत्तरेकडील खेसारी, आणि हा लेख जेथे लिहितो आहे त्या नवा रायपूरच्या परिसरातील तिवरा. भात उभे असतानाच ओल्या बांधीत हिचे बी फेकतात. त्या पद्धतीला उतेरा म्हणतात. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी छत्तीसगडात आवडीने खातात.

विल्यम स्लीमन यांच्या 1844 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात सागर भागातील एक वृत्तांत आहे. 1829 मध्ये गारपीट झाली, 1830 मध्ये पाऊस वेळेवर आला नाही, 1831 मध्ये गव्हावर तांबेरा पडला. तिन्ही वर्षे तगून राहिली ती गव्हात आपोआप उगवणारी ‘तेवरी’. लोकांनी तिच्यावर दिवस काढले, आणि 1833 पासून गावातील तिशीच्या आतील तरुण माणसांचे कमरेखालचे बळ जाऊ लागले. स्लीमनने टिपलेला शब्द छत्तीसगडीतील तिवऱ्याचाच भाऊबंद आहे. त्याचा ग्रंथ आपण ठगांसाठी वाचतो. हे पान वगळून पुढे जातो.

विषद्रव्य हाती आले ते 1964 मध्ये. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील राव, अडिगा व सर्मा यांनी लाखोळीच्या दाण्यातील ओडॅप हे अमिनो आम्ल ओळखले. मेंदूतील ग्लूटामेट या संदेशवाहक द्रव्याचे ते सोंग घेते आणि चेतापेशींना अतिरेकी उत्तेजना देऊन त्यांचा नाश करते, असे आज मानले जाते. बुद्धी शाबूत राहते, पाय जातात. परंतु जन्मभर लाखोळी खाणारी असंख्य माणसे ताठ चालली. रोग जडतो तो महिनोन्‌महिने आहाराचा मोठा हिस्सा तीच झाली म्हणजे. आणि तसे कोणाच्या वाट्याला येत होते? रेवा भागात भूमिहीन मजुराला मजुरी म्हणून जमीनदार हीच डाळ देत असे. 1961 मध्ये केंद्राने तिच्या विक्रीवर बंदीचा नियम केला; वेठबिगारीवर बंदी यायला 1976 चा कायदा यावा लागला. या दोन सालांतील अंतर मला फार बोलके वाटते. दाण्याला आरोपी करणे सोपे होते.

या जुन्या प्रकरणाचा डिमेन्शियाशी संबंध दूरान्वयाचा नाही. पॅसिफिकमधील ग्वाम बेटावर चामोरो लोकांत अंगाचा लुळेपणा, कंप आणि स्मृतिनाश यांचा एकत्र आढळणारा विकार विसाव्या शतकाच्या मध्यास कमालीचा वाढला होता. तेथील सायकॅड झाडाच्या बियांचे पीठ लोक खात. त्या बियांतील बीएमएए हे द्रव्य ओडॅपच्या नात्यातले. 1987 मध्ये पीटर स्पेन्सर व सहकाऱ्यांनी माकडांवरील प्रयोगांवरून त्याच्याकडे बोट दाखविले. वाद आजही मिटलेला नाही. अल्झायमरच्या रोगात अमिलॉइड हे प्रथिनच मुख्य अपराधी, हे मतही अनेक दशके प्रबळ राहिले. त्याला आधार म्हणून वारंवार दाखविला गेलेला 2006 चा एक प्रसिद्ध शोधनिबंध 2024 मध्ये मागे घ्यावा लागला. तेवढ्याने ते मत खोटे ठरत नाही. मात्र त्याच वर्षी लॅन्सेटच्या आयोगाने टाळता येण्याजोग्या चौदा जोखमी मांडल्या, त्यांत बालपणीचे अपुरे शिक्षण आहे, बहिरेपणा आहे, हवेचे प्रदूषण आहे. रायपूरजवळच्या सिलतरा-उरला पट्ट्यात स्पंज आयर्नच्या कारखान्यांशेजारी राहणाऱ्याला या यादीतील शेवटची बाब समजावून सांगावी लागणार नाही.

यावर कोणी म्हणेल, की हा वैद्यांचा प्रांत; साहित्याच्या अभ्यासकाने त्यात का पडावे? माझे उत्तर असे, की परिभाषा घडविणे हे भाषेचे काम आहे आणि ते आपण वैद्यांवर सोडून दिले आहे. ‘विषारी प्रथिन’ असे म्हटले की अपराधी पेशीच्या आत सापडतो आणि बाहेरची शाळा, मजुरी, धूर नजरेआड होतात. ‘स्मृतिभ्रंश’ म्हटले की अपराधी रुग्णच. कलायखंज हा शब्द या दोहोंपेक्षा प्रामाणिक आहे, तरी धान्य कोणी मोजून दिले हे तोही सांगत नाही. वाङ्मयकोशांतून व परिभाषाकोशांतून स्मृतिभ्रंशाऐवजी ‘स्मृतिक्षय’ हा शब्द स्वीकारावा, असे मी सुचवितो; झीज या अर्थाने तो निदान कोणावर दोष ठेवीत नाही.

दुसरी सूचना कामाची आहे. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात विकसित झालेल्या ‘महातिवरा’ या वाणात ओडॅपचे प्रमाण कमी आहे; 2016 मध्ये बंदी उठविण्याचा विचार पुढे आला तेव्हा रतन व प्रतीक यांच्यासह त्याचे नाव घेतले गेले. शास्त्रज्ञांनी वाणाच्या नावात बोलीतला शब्द राखला, हे चांगले केले. त्या शब्दाभोवतीच्या छत्तीसगडी, बघेली व झाडीबोलीतील म्हणी, गाणी, मजुरीच्या हिशोबाचे शब्द आणि काठीच्या आधाराने चालणाऱ्यांना गावाने दिलेली नावे मात्र माझ्या पाहण्यातील एकाही कोशात एकत्र मिळत नाहीत. एखाद्या विद्यापीठीय विभागाने दोन हिवाळे ही माणसे गाठून हा संग्रह करावा. ज्यांनी मजुरीत लाख घेतली, ती आता सत्तरीच्या पुढे आहेत.