पाण्यातला वायू काठावरच मोजा

शेततळ्यातल्या मत्स्यपालनावरचे संकट बहुतेक वेळा पहाटे येते. ढगाळ हवेचे दोन-तीन दिवस गेलेले असतात आणि उजाडायच्या सुमारास कटला, रोहू पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. शेतकरी धावत जाऊन एअरेटर चालू करतो, अंदाजाने दोन पोती चुना टाकतो. ऑक्सिजन कमी पडला, एवढे निदान सगळेच करतात. त्याच पाण्यात कार्बन डायऑक्साइड किती साचला आहे, हे मात्र क्वचितच कोणी मोजते.

ते मोजायला हवे, आणि तळ्याच्या काठावरच मोजायला हवे.

दिवसा पाण्यातले सूक्ष्म शेवाळ हा वायू वापरून टाकते. भर दुपारी हिरव्या तळ्यात मुक्त कार्बन डायऑक्साइड शून्यावरही येतो. रात्री शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ सगळेच श्वास घेतात व वायू सोडतात. ढगांमुळे दिवसाचा खप घटला की तो साचत जातो. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड असतो. दाट मासे सोडलेल्या तळ्यात पहाटे तो १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकतो. पाण्यात वाढलेला वायू माशाच्या रक्तातही वाढतो आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजन धरण्याची ताकद कमी होते. त्यामुळे ऑक्सिजन मीटरवरचा आकडा बरा दिसत असतानाही मासा गुदमरू शकतो. बोअरच्या पाण्यावर भरलेल्या तळ्यांत तर जास्तच काळजी घ्यावी लागते, कारण खोल भूजलात ऑक्सिजन कमी आणि हा वायू भरपूर असू शकतो.

चाचणी साधी आहे. बाटली पाण्याखाली बुडवून, बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची. त्यातले १०० मिलिलिटर पाणी फेस न आणता पात्रात घ्यायचे आणि फिनॉल्फ्थॅलिनचे काही थेंब टाकायचे. पाणी लगेच गुलाबी झाले, तर मुक्त कार्बन डायऑक्साइड नाहीच, सामू ८.३ च्या वर आहे. रंगहीन राहिले, तर ब्युरेटमधून ०.०२२७ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने सोडायचे. थेंब पडतो तिथे गुलाबी ढग उमटतो आणि हलक्या हाताने पात्र फिरवताच विरतो. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचे. जितके मिलिलिटर अल्क लागले, त्याची दहापट म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड. अल्काची बाटली मात्र घट्ट बंद हवी; ते हवेतलाच वायू शोषून कमजोर होते आणि आकडा खोटा वाढतो.

हेच पाणी तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवले तर? वाटेत बाटली हिंदकळते, तापते; झाकणाखाली हवा राहिली असेल तर वायू निसटतो. उलट बाटलीतले सूक्ष्मजीव श्वास घेतच असतात, म्हणून तो वाढूही शकतो. दुपारी मिळालेला आकडा पहाटेच्या तळ्याचा राहत नाही. असा अहवाल हातात घेऊन चुन्याचा निर्णय घेणे धोक्याचे आहे.

सामू आणि अल्कता माहीत असली, तर तक्त्यावरून कार्बन डायऑक्साइड काढता येतो, हे खरेच. पण सामू ०.३ ने चुकला, तर उत्तर दुप्पट किंवा निम्मे होते. खिशातल्या पेनसारखे मीटर नियमितपणे प्रमाणित करून वापरणारे शेतकरी किती? थेंबांच्या चाचणीत निदान चुकायच्या जागा डोळ्यांसमोर असतात.

आता चुन्याचा हिशेब पाहा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळ्यात, बाजूंचा उतार धरून, सुमारे २० लाख लिटर पाणी बसते. त्या पाण्यातला लिटरमागे १० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड बांधायला साधारण १७ किलो विरवलेला चुना पुरतो. न मोजता त्याच्या तिप्पट टाकला, तर सामू उसळतो आणि पाण्यातल्या अमोनियाचा विषारी हिस्सा कित्येक पटींनी वाढतो. म्हणजे वाचवायला टाकलेला चुनाच माशांच्या जिवावर उठू शकतो. हे नुकसान टाळण्यासाठी लागणारी रसायने काही महाग नाहीत.

२०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने राज्यात तळ्यांची संख्या वाढली, आणि त्यातल्या पाण्यात मासे वाढवण्याचा सल्लाही दिला जातो. मग त्या सल्ल्यासोबत ब्युरेट, दर्शक आणि ताजे अल्क असलेला संच का नको? मत्स्यपालनाच्या प्रत्येक सरकारी प्रशिक्षणात ही चाचणी प्रशिक्षणार्थींच्या हातून, काठावर, उजाडण्याआधी करून घ्यावी. गावोगावच्या कनिष्ठ महाविद्यालयांची मदत घेता येईल. बारावीची मुले प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्लाचे अनुमापन करतातच. शिक्षकांच्या देखरेखीखाली त्यांनी पावसाळ्यातल्या ढगाळ आठवड्यात जवळच्या तळ्याचे रोजचे आकडे वहीत नोंदवले आणि ती वही शेतकऱ्याकडे ठेवली, तर चुना किती टाकायचा व एअरेटर रात्री कधी चालू करायचा, हे त्याला मासे वर येण्याआधीच ठरवता येईल.