आईला नीट खायला घाला!

खरडहून एका भगिनींचे पत्र आले आहे. यजमानांच्या नोकरीमुळे त्या चंदीगडजवळच्या या गावी राहतात. सासूबाईंना जुना मधुमेह, त्यातून मूत्रपिंडे अधू झालेली. हिमोग्लोबिन ७.८. चार महिने लोहाच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय रोज पालक, बीटचा रस, खजूर, गूळ. तरी आकडा जागचा हलत नाही. शेवटी त्या लिहितात, "नणंदबाई फोनवर म्हणाल्या, वहिनी, आईला नीट खायला घालत जा. माझे कुठे चुकते?"

ताई, खायला घालण्यात तुम्ही मुळीच कमी पडलेल्या नाहीत.

तांबड्या पेशी हाडांतील मगजात तयार होतात, पण त्यासाठीचा हुकूम सुटतो मूत्रपिंडातून. एरिथ्रोपोएटिन हे त्या संप्रेरकाचे नाव. मूत्रपिंडे थकली की हा हुकूमच अपुरा पडतो. पेशींचे एरवी सुमारे १२० दिवसांचे आयुष्यही घटते.

त्यात लोहाची वेगळीच अडचण. आपले शरीर मोठे काटकसरी. जुन्या पेशी मोडून रोज २०-२५ मिलिग्रॅम लोह ते पुन्हा वापरते. अन्नातून घेते जेमतेम १-२ मिलिग्रॅम. ही आवकजावक यकृतात तयार होणारे हेप्सिडिन सांभाळते. मूत्रपिंडाच्या विकारात ते रक्तात साचते, जंतुसंसर्ग असेल तर आणखी वाढते. मग आतड्यातून लोह आत येत नाही आणि साठ्यातले बाहेर निघत नाही. कोठीत धान्य आहे, पण किल्ली हरवली, अशी गत!

आता थोडे रागावू का? मधुमेह्याला रोज खजूर आणि गूळ? शिवाय पालक, बीट, खजूर, गूळ या साऱ्यांत पोटॅशियम भरपूर. अधू मूत्रपिंडांना ते बाहेर टाकता येत नाही, आणि रक्तात ते फार वाढले तर हृदयाची गती बिघडून जिवावर बेतू शकते. म्हणून पोटॅशियम तपासून घ्या आणि तोवर हा खुराक थांबवा.

डॉक्टरांना फेरिटिन व ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या तपासण्यांबद्दल विचारा. बी-१२ आणि शौचावाटे रक्त जाते का, हेही पाहायला हवे. गोळ्या चहा किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर देत असाल तर वेळा बदला. तरीही लोह कमीच भरले तर ते शिरेतून देता येते. मात्र अंगात जंतुसंसर्ग असताना नाही.

एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन अमेरिकेत १९८९ साली मंजूर झाले. त्याआधी अशा रुग्णांना वरचेवर रक्त चढवावे लागे, आणि त्यामुळे पुढे मूत्रपिंडरोपण अवघड होऊ शकते. पण इंजेक्शन घेऊन हिमोग्लोबिन १३-१४ करण्याचा हट्ट नको. त्यात रक्ताच्या गुठळ्या व पक्षाघाताचा धोका वाढतो. साधारण १० ते ११.५ पुरे. रक्तदाबावरही लक्ष हवे.

तुम्ही तर चंदीगडच्या उंबरठ्यावर आहात. तेथील पीजीआयमध्ये डॉ. कृपाल सिंग चुघ यांनी मूत्रपिंडविकाराचा विभाग उभा केला, देशातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक. सासूबाईंना तिथे किंवा जवळच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे याच आठवड्यात दाखवा. नणंदबाई भेटीला येणार असतील तर त्यांनाही बरोबर न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले त्यांना लवकर पटेल.